वीज जाळून घातलेले कुलूप

‘बिटकॉइन घ्या, वर्षात दुप्पट होईल’ असा निरोप आता मोबाइल पोहोचतो तेथे सर्वत्र पोहोचतो. मग ते पुणे असो वा सातपुड्यातील धडगाव. असा व्यवहार हलाल आहे काय, यावर विद्वानांत एकमत नाही. इजिप्तच्या मुफ्तींनी २०१८ साली तो निषिद्ध ठरविला. मलेशियाच्या सिक्युरिटीज कमिशनच्या शरीअत सल्लागार परिषदेने २०२० साली डिजिटल मालमत्तेच्या खरेदी-विक्रीला अटींसह मुभा दिली. तो वाद सोडविणे हा या पाठाचा विषय नाही. कोणत्याही वस्तूवर निर्णय देण्यापूर्वी ती कशी चालते हे जाणावे लागते. तेवढेच येथे पाहू.

बिटकॉइन ही मुळात एक हिशेबाची वही आहे. तिच्या हजारो प्रती जगभरच्या संगणकांवर असतात. साधारण दर दहा मिनिटांनी तिला नवे पान जोडले जाते. ते कोणी जोडावे, याचा निर्णय एका आकड्याच्या शोधावर होतो. हा आकडा युक्तीने सापडत नाही. यंत्राने अब्जावधी वेळा अंदाज करीत राहायचे. ज्याला तो प्रथम सापडतो त्याला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात, एप्रिल २०२४ पासून पानामागे ३.१२५. यालाच ‘मायनिंग’ म्हणजे खाणकाम म्हणतात. परंतु खऱ्या खाणीत मजूर वाढले तर कोळसा अधिक निघतो. येथे यंत्रे वाढली की सुमारे दोन आठवड्यांनी कोडेच तितके कठीण केले जाते. नाणी तेवढीच, वीज मात्र अधिक.

हा खर्च निव्वळ मूर्खपणा नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. जुन्या पानावर खाडाखोड करू पाहणाऱ्याला तेथपासूनची सारी मेहनत पुन्हा, आणि इतर सर्वांहून वेगाने, करावी लागेल. ती परवडत नाही म्हणून वही सुरक्षित राहते. म्हणजे वीज हीच या कुलपाची किंमत होय.

ती किती? केंब्रिज विद्यापीठाच्या अंदाजाने बिटकॉइनचा वार्षिक वापर शंभर अब्ज युनिटांहून अधिक आहे. एवढा आकडा मनात मावत नाही, म्हणून धडगाव तालुक्यातील बिलगावचे माप घेऊ. येथे उदई नदीच्या धबधब्यावर आदिवासी ग्रामस्थांनी श्रमदानाने, केरळच्या दोन तरुण अभियंत्यांच्या साहाय्याने, छोटे वीजकेंद्र उभारले. २००३ साली ते सुरू झाले आणि पाड्यांतील घरांत प्रथमच दिवे लागले. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याने ते नष्ट केले. त्याची क्षमता होती १५ किलोवॉट. खाणकामाचे एक आधुनिक यंत्र सव्वातीन किलोवॉटच्या आसपास वीज घेते आणि रात्रंदिवस चालते. दिवसाला सुमारे ७८ युनिट. बिलगावच्या घरांचा बहुतेक प्रकाश अशी चार यंत्रे गिळून टाकतील, आणि जगात अशी यंत्रे लाखोंनी आहेत.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाण्याची उधळपट्टी नको, अशी प्रेषितांची (स.) शिकवण इब्ने माजाच्या संग्रहात आली आहे. तिच्या सनदेवर काही हदीसतज्ज्ञांनी आक्षेप घेतला असला तरी आशय कुरआनच्या सूरह आराफ (७:३१) आणि बनी इस्राईल (१७:२६-२७) यांतील इसराफ व तबजीरच्या निषेधाशी जुळतो. ‘सुरक्षेसाठी खर्च आवश्यकच आहे’ हे उत्तर आता पूर्वीइतके टिकत नाही. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या चलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये खाणकाम सोडले. त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला आणि वही चालूच राहिली.

आणखी एक गोष्ट बारकाईने पाहावी. हे महागडे कुलूप वहीला आहे, तुमच्या पेटीला नाही. २०१५ च्या सुमारास अमित भारद्वाजच्या ‘गेनबिटकॉइन’ने खाणकामाच्या नावावर अठरा महिने दरमहा दहा टक्के परताव्याचे आश्वासन दिले. पुण्यासह देशभर लोकांचे पैसे बुडाले. २०१८ साली पुणे पोलिसांनी त्याला अटक केली. २०२२ च्या जानेवारीत, खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच, तो मरण पावला. त्याच वर्षी, तपासाला साहाय्य करणाऱ्या दोन तज्ज्ञांनीच जप्तीतील नाणी वळविल्याचा आरोप ठेवून पोलिसांनी त्यांना अटक केली. पुढे प्रकरण सीबीआयकडे गेले. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या ‘वझीरएक्स’ या बाजारमंचावरून सुमारे दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीस गेली. यांपैकी कोठेही बिटकॉइनची वही फुटली नाही. फुटली ती अमानत. जेथे माणसावर विश्वास ठेवावा लागतो तेथे साक्षीदार आणि लेखी करार हवा, हे सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. त्याची जागा यंत्र घेत नाही.

ज्यांच्याजवळ अशी नाणी आधीच आहेत त्यांच्यासाठी वारशाचा प्रश्न उरतो. नाण्यांची किल्ली म्हणजे बहुधा बारा किंवा चोवीस शब्दांची माळ. ती हरवली तर कोणतेही न्यायालय वा बँक ती परत देऊ शकत नाही, आणि सूरह निसाने ठरविलेला पत्नीचा, मुलींचा, आईचा हिस्सा कागदावरच राहतो. हे शब्द मोबाइलमध्ये छायाचित्र काढून ठेवू नयेत, फोनवर कोणालाही, अगदी ‘कंपनीतून बोलतो’ म्हणणाऱ्यालाही, सांगू नयेत. कागदावर लिहून, बंद करून सुरक्षित ठेवावेत. आणि तो कागद कोठे आहे, देणे किती आहे, याची नोंद वसियतनाम्यात घरच्यांना सापडेल अशी करावी.