दिवा दिसला म्हणून हात घालू नकोस

पोरी, सोमवारपासून तू अंधेरीच्या एमआयडीसीत स्टोरेजचे कॉल बघणार. माझी टूलबॅग तुला दिलीच आहे, तिच्यासोबत हे चार शब्दही घे. मुलुंड ते सीप्झ रोजची ये-जा करताना मशीन किती बदलली, पण या गोष्टी शेवटपर्यंत कामी आल्या.

साइटवर पोचलीस की आधी हात मागे बांधून उभी राहा. ऑरेंज लाइट कुठल्या स्लॉटवर आहे, पंख्याचा आवाज बदललाय का, जळका वास येतो का, एसीचं पाणी रॅकवर ठिबकतंय का, हे सगळं बघून घे. मग फोटो काढ आणि लॉग उतरव. घाईने रीस्टार्ट केलंस तर पुष्कळदा कारणाचा माग तिथेच पुसला जातो. त्यानंतर तिथल्या शिपायाला विचार, "दादा, काल इथे कोण काम करून गेलं?" रंगारी, इलेक्ट्रिशियन नाहीतर एसीवाला येऊन गेलेला असतो आणि एखादी वायर अर्धवट निघालेली असते.

आता माझ्या हातून झालेली चूक ऐक. अंधेरी पूर्वेच्या एका ऑफिसात रात्री कॉल होता. सहा डिस्कचं रेड-५. त्यात एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो, दुसरी गेली की सगळं बंद. स्क्रीनवर 'स्लॉट ३ फेल' असं आलं होतं. दिव्यांची पट्टी नीट दिसत नव्हती, म्हणून मी डावीकडून एक, दोन, तीन मोजलं आणि डिस्क ओढली. मशीनची मोजणी शून्यापासून होती. मी चांगली डिस्क काढली होती. सगळे फोल्डर एकदम गायब झाले. हातपाय गार पडले, पण एक गोष्ट नीट केली. काढलेली डिस्क होती त्याच जागी परत बसवली आणि स्क्रीन 'इनिशियलाइज करू का' विचारत होता, त्याला हो म्हटलं नाही. वरच्या सपोर्टला फोन लावला. त्यांनी ती डिस्क ऑनलाइन घ्यायला लावली आणि पहाटे पाचला डेटा दिसला. तेव्हा मेट्रो नव्हती. दादरला गाडी बदलून घरी येईपर्यंत मी तो स्लॉट मनात मोजत होतो.

म्हणून डिस्क काढायच्या आधी 'लोकेट' देऊन तिचा दिवा लुकलुकव. सीरियल नंबर स्क्रीनवरचा आणि लेबलवरचा जुळव. तो मोठ्याने वाच आणि सोबतच्या माणसाकडून परत वदवून घे.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदल. सुरुवात केबलपासून कर, मग एसएफपी, मग पोर्ट, सगळ्यात शेवटी डिस्क किंवा कंट्रोलर. केबल दुसऱ्या पोर्टला लावल्यावर एररही तिच्याबरोबर गेली, तर दोष केबलचा. सीआरसी एरर वाढत असतील तर आधी वायर तपास, चांगली डिस्क उगाच बदलू नकोस. फायबरचं टोक दरवेळी पुसूनच लाव. आपण वापरतो त्या मल्टिमोड फायबरचा गाभा ५० मायक्रॉनचा, तिथे धुळीचा एक कणही प्रकाश अडवतो. काढलेली टोपी खिशात ठेव आणि टोकात डोळा घालून कधी बघू नकोस. तो लेझर डोळ्याला दिसत नाही, पण इजा करतो.

डिस्क गेलेली दिसली की नवी बसवायच्या आधी बॅकअप ताजा आहे का ते विचार. चार टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने भरली तरी सात तासांच्या वर लागतात, आणि काम चालू असेल तर त्याहून जास्त. तेवढा वेळ बाकीच्या डिस्कवर ताण असतो, आणि त्या बहुतेकदा एकाच वयाच्या असतात. गूगलने २००७ साली आपल्या लाखावर डिस्कचा अभ्यास छापला. स्कॅनमध्ये पहिली एरर दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, एरर न दिसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. तेव्हा पहिली एरर दिसली त्याच दिवशी स्पेअर मागव.

पॉवरकडे नीट बघ. दोन पॉवर सप्लाय दिलेले असतात आणि दोन्हीच्या वायरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खुपसलेल्या असतात. एक बटण बंद झालं की दोन्ही गेले. दोन वायरी दोन वेगळ्या यूपीएसवर घे आणि अर्थिंग मोजल्याशिवाय महागडा बोर्ड बदलू नकोस.

पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, प्रत्येक साइटवर एसीची ड्रेन पाइप साफ करून घ्यायला सांग. गार गाडीतून आणलेली डिस्क लगेच पिशवीतून काढू नकोस. खोलीचं तापमान घेऊ दे, नाहीतर दमट हवेत तिला घाम फुटतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर मी एकाही साइटवर यूपीएसच्या बॅटऱ्या जमिनीवर ठेवू दिल्या नाहीत. बॅकअपची प्रतही त्याच इमारतीत ठेवू नये. मशीन अंधेरीत असेल तर प्रत बोरिवली-मुलुंडकडे असू दे.

आणि शेवटचं. सगळे दिवे हिरवे झाले म्हणून कॉल बंद करू नकोस. कस्टमरला त्याच्या खुर्चीत बसव आणि त्याची रोजची फाइल उघडायला सांग. ती उघडली की मग सही घे.