आधी हवेतून, मग नेटवरून

पोरी, हॅम रेडिओचा परवाना आला, व्हीयू३ने सुरू होणारं स्वतःचं कॉलसाइन मिळालं आणि तुझा पहिला प्रश्न आला: मामा, डीएमआरचा, म्हणजे डिजिटल मोबाइल रेडिओचा, कुठला सेट घेऊ? सेटचं सांगतोच. पण आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. आटपाडीत घरात बसून हातातल्या सेटवर डीएमआरचा रिपीटर (आलेला आवाज पुढं पाठवणारं स्टेशन) लागत नाही, म्हणून गावाकडचे नवे हॅम सरळ इंटरनेटची वाट धरतात. पहिल्याच आठवड्यात त्यांचा आवाज जर्मनीत पोहोचतो, आणि शेजारच्या गावातल्या मित्राशी नेटशिवाय बोलता येतं का, हे वर्ष उलटलं तरी ठाऊक नसतं. तू हा क्रम उलटा ठेव. आधी हवेतून, मग नेटवरून.

सेट डीएमआरचा 'टियर टू' प्रकार असं स्पष्ट लिहिलेला घे. दोन्ही पट्ट्यांचा (१४४ आणि ४३४ मेगाहर्ट्झच्या) घे, आणि त्यात साधा एफएमही चालला पाहिजे. टीवायटी, एनीटोन, रेटेविस, बाओफेंग अशी नावं दिसतील. पहिल्या वर्षी ब्लूटूथ-जीपीएसची चैन लागत नाही. त्या पैशांत एक जादा बॅटरी आणि त्याच सेटची प्रोग्रॅमिंग केबल येते, ती घे. ऑनलाइन स्वस्त दिसला म्हणून मागवू नकोस. २०२५च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं वॉकीटॉकीच्या बेकायदा विक्रीबद्दल ऑनलाइन बाजारांना नोटिसा काढल्या, त्याला कारण होतं. सेटला भारतात मान्यता आहे का ते विचार, परवान्याची प्रत दे, पक्कं बिल घे आणि ते परवान्याच्याच फायलीत लाव.

आता परवाना काढून समोर ठेव. त्यावर उत्सर्जनाचे प्रकार छापलेले असतात, ते बहुतेक जण वाचत नाहीत. डीएमआरचा डिजिटल आवाज साध्या एफएमपेक्षा वेगळ्या प्रकारात मोडतो. तुझ्या प्रतीवर तो बसतो का, आणि हॉटस्पॉट (त्याचं पुढं सांगतो) नेटला जोडून चालवायला काय अट आहे, हे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेला लेखी विचार. उत्तर येईपर्यंत ऐक, प्रोग्रॅमिंग शीक, एफएमवर बोल. हा वेळ वाया जात नाही. शिवाय तुझा सेट ४०० पासून ४८० मेगाहर्ट्झपर्यंत कुठंही बोलायला तयार असतो. आपल्याला मुभा ४३४ ते ४३८ एवढीच, आणि खालच्या पट्ट्यात १४४ ते १४६. सेटच्या मेनूत एन्क्रिप्शन असतं, त्याला हात लावू नकोस. हौशी रेडिओवर जे बोलायचं ते कुणालाही समजेल असंच बोलायचं, हा आपला मूळ करार आहे.

डीएमआर कसं चालतं ते थोडक्यात समजून घे, म्हणजे पुढचे आकडे पाठ करावे लागणार नाहीत. हे मानक युरोपच्या ईटीएसआय संस्थेनं २००५ मध्ये प्रसिद्ध केलं, ते कारखाने, बंदरं, टॅक्सी अशा कामाच्या वायरलेससाठी. हौशी लोकांनी ते नंतर उचललं. साडेबारा किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर दोन संभाषणं चालतात. एका पाटाचं पाणी दोन वाटेकरी पाळीनं घेतात तसं. फक्त इथं पाळी ३० मिलिसेकंदांची, म्हणून दोघांनाही आपला पाट अखंड वाहतोय असंच वाटतं. या पाळीला टाइम स्लॉट म्हणतात, स्लॉट एक आणि स्लॉट दोन. तुझा सेट निम्माच वेळ प्रक्षेपण करतो, म्हणून बॅटरीही जास्त पुरते. आवाज आकड्यांत बदलून जातो. त्यामुळं सिग्नल कमी झाला तरी खरखर वाढत नाही; स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ, आणि एकाएकी शब्दांचे तुकडे. एफएममध्ये कान सावध व्हायला सवड मिळते, इथं ती मिळत नाही.

कोडप्लग म्हणजे सेटच्या पोटातली सगळी नोंदवही. नवे लोक इथंच अडकतात, म्हणून जरा सावकाश वाच. केबल लावलीस की पहिलं काम लिहिण्याचं नाही, वाचण्याचं. सेटमधली मूळ फाइल कॉम्प्युटरवर उतरवून घे, नावात तारीख घाल आणि तिला पुन्हा हात लावू नकोस. नंतरच्या प्रत्येक बदलाला नवी फाइल. कुणाची तरी आयती पाचशे चॅनेलांची फाइल मिळते, ती भरू नकोस. त्यात परदेशातल्या फ्रिक्वेन्सी असतात, त्यांतल्या कितीतरी आपल्या हद्दीबाहेरच्या. चार चॅनेल स्वतः भर, पण प्रत्येक रकाना का भरला ते तुला सांगता आलं पाहिजे.

चॅनेलमध्ये फ्रिक्वेन्सीशिवाय तीन आकडे जुळावे लागतात: कलर कोड, स्लॉट आणि टॉकग्रुप. कलर कोड ० ते १५ मधला एक असतो. एकाच फ्रिक्वेन्सीवरचे दोन रिपीटर एकमेकांत मिसळू नयेत म्हणून तो असतो. टॉकग्रुप म्हणजे कोणाच्या मंडळात बोलायचं ते. तिन्हींतला एक जरी चुकला तरी सेट गप्प बसतो. दिवा लुकलुकतो, सिग्नलच्या रेघा दिसतात, आवाज मात्र नाही. अशा वेळी सेट बिघडला म्हणून दुकान गाठू नकोस. 'आरएक्स ग्रुप लिस्ट' उघड आणि तो टॉकग्रुप त्या यादीत आहे का ते बघ. दहातल्या आठ वेळा तो तिथं नसतो. सेटमध्ये 'डिजिटल मॉनिटर' असेल तर तो लावून ठेव. मग कुठलाही टॉकग्रुप ऐकू येतो आणि हवेत नेमकं काय चाललंय ते पडद्यावर दिसतं. शेवटी तुझे चॅनेल झोनमध्ये टाक. झोनमध्ये न टाकलेलं चॅनेल सेटवर दिसतच नाही, आणि माणूस तासभर नॉब फिरवत बसतो.

आता हवेतून, डब्ल्यूपीसीचा होकार आल्यावर. तू आणि दिघंचीची तुझी मैत्रीण, दोघींकडे परवाना आहे. दोघींनी एकच फ्रिक्वेन्सी, कलर कोड १, स्लॉट १, टॉकग्रुप ९९ असं भरा. थेट बोलण्यासाठी ९९ वापरायची जगभर रीत आहे. 'ॲडमिट क्रायटेरिया'त 'ऑलवेज' ठेवा. आधी एका अंगणात उभं राहून बोला, मग अंतर वाढवत न्या. माणदेशाचं रान उघडं असलं तरी मधे माळाचा एखादा चढ आला की ४३४ मेगाहर्ट्झचा सिग्नल त्याच्यामागं दडतो. इथं वॅट वाढवून फार फरक पडत नाही, उंची वाढवून पडतो. म्हणून एक दिवस बाणूरगड गाठ. बहिर्जी नाईकांच्या समाधीचं दर्शन घे आणि मग कडेला येऊन मैत्रिणीला हाक दे. शिवाजी महाराजांचा हेरप्रमुख जिथं विसावला तिथून संदेश पाठवताना आपण काय काम हाती घेतलंय याची जाण येते, असं मला मनापासून वाटतं.

अँटेनाचंही इथंच सांगतो. ४३४ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची काडी साधारण १७ सेंटीमीटर भरते. एक सॉकेट, मधे एक उभी पितळी काडी, खाली तिरक्या चार. एवढ्यात गच्चीवरची चांगली अँटेना घरी होते. मात्र केबलकडे लक्ष दे. बारीक आरजी-५८ केबल १५ मीटर टाकलीस तर सेटमधून निघालेल्या ५ वॅटमधला साधारण दीड वॅटच वर पोहोचतो, बाकी केबलमध्येच जिरतो. केबल जाड घे, नाहीतर आखूड ठेव. शक्य असेल तर सेट घेऊन स्वतःच गच्चीवर जा.

बोलताना माइक तोंडापासून वीतभर लांब, किंचित तिरका. डीएमआरमधलं यंत्र माणसाचा आवाज ओळखून त्याचेच आकडे करतं. माळावरचा वारा किंवा शेजारी चालू असलेला ट्रॅक्टर त्यात घुसला की आवाजाचा चिखल होतो. वाऱ्याकडे पाठ कर. बटण दाबल्यावर एक श्वास थांब आणि मग बोल, नाहीतर पहिलं अक्षर कापलं जातं, आणि ते अक्षर नेमकं तुझ्या कॉलसाइनचं असतं.

एवढं अंगवळणी पडलं आणि डब्ल्यूपीसीचं हॉटस्पॉटबद्दलचं उत्तरही हाती असलं की हॉटस्पॉट. त्याआधी डीएमआर आयडी काढ. परवान्याची प्रत देऊन अर्ज केला की सात आकडी क्रमांक मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत. आपला ४०४ने सुरू होतो, कारण तो भारताचा मोबाइल कोड आहे. हॉटस्पॉट म्हणजे रास्पबेरी पाय झिरोसारखा छोटा कॉम्प्युटर आणि त्यावर बसवलेली एमएमडीव्हीएमची पाटी. त्यात पाय-स्टार नावाची प्रणाली चालते. त्याची ताकद जेमतेम १० मिलिवॅट, म्हणजे घरापुरती. पाटीला अँटेना लावल्याशिवाय वीज देऊ नकोस. सेट 'लो' पॉवरवर ठेव आणि हॉटस्पॉटपासून दोनचार मीटर लांबून बोल. अगदी जवळून बोललीस तर त्याचे कान बसतात.

फ्रिक्वेन्सी निवडताना घाई करू नकोस. ४३५ ते ४३८ हा भाग उपग्रहांसाठी राखायचा असतो. तुझा १० मिलिवॅटचा हॉटस्पॉटही दिवसरात्र तिथं कुजबुजत राहिला तर गच्चीवरून उपग्रह ऐकणाऱ्या शेजारच्या हॅमला त्रास होतो. आपली हद्द ४३४ पासून, म्हणजे आपल्याला खरी जागा ४३४ ते ४३५ एवढीच. आधी एफएमवर दोन दिवस ऐकून मोकळी जागा शोध. साध्या, एका अँटेनाच्या हॉटस्पॉटवर जाण्यायेण्याची फ्रिक्वेन्सी एकच भर, कलर कोड १ आणि स्लॉट २. जोडणी ब्रँडमाइस्टर नावाच्या जाळ्याशी करायची. तिथं तुझ्या खात्यात हॉटस्पॉटचा वेगळा पासवर्ड ठेवावा लागतो, आणि आयडीच्या शेवटी ०१ असे दोन आकडे जोडले की सेट आणि हॉटस्पॉट वेगळे ओळखू येतात. पाय झिरोला वायफाय २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं. घरचा राउटर पाचवर असेल तर तो हॉटस्पॉटला दिसणारच नाही.

पहिलं बोलणं ९९९०शी कर. हा 'पोपट' आहे: तू बोलशील ते तुलाच परत ऐकवतो. संपर्क यादीत त्याचा प्रकार 'प्रायव्हेट कॉल' असा लाव, 'ग्रुप' नाही. बोलता बोलता पाय-स्टारच्या पानावर बीईआरचा (चुकलेल्या बिटांच्या टक्केवारीचा) रकाना बघ. एक टक्क्याच्या आत असेल तर उत्तम. तीनचार टक्के दिसले तर पाटीवरच्या स्फटिकाची फ्रिक्वेन्सी थोडी सरकलेली आहे. सेटिंगमध्ये आरएक्स ऑफसेट ५०-१०० हर्ट्झच्या पावलानं बदलत जा आणि दर पावलाला पोपटाशी बोल. आकडा खाली येत येत एका जागी ठरतो आणि पुढं पुन्हा वाढतो. जिथं सर्वांत कमी होता तिथं परत ये आणि तो ऑफसेट वहीत लिहून ठेव. एका बैठकीचं काम आहे, पण ते टाळणाऱ्यांचा आवाज कायम फाटका जातो आणि दोष नेटला मिळतो. बंद करताना वायर उपटू नकोस. पाय-स्टारमधून रीतसर बंद कर, नाहीतर मेमरी कार्ड बिघडतं. आपल्याकडं वीज सांगून जात नाही, म्हणून हॉटस्पॉट पॉवरबँकेवर ठेव.

मग टॉकग्रुप. भारतासाठी ४०४, जगभरासाठी ९१. ९१वर तू बटण दाबतेस तेव्हा अनेक देशांतले हॉटस्पॉट आणि रिपीटर एकदम उघडतात. तिथं 'हॅलो, चेक चेक' करायला जायचं नसतं. कुणी ओळखीचं भेटलं की दुसऱ्या मोकळ्या टॉकग्रुपवर उतरायचं, आणि काम झालं की ४००० दाबून जोडणी सोडायची. दोन बोलण्यांमध्ये दोन सेकंद मोकळे ठेव. कुणाला तातडीचं काही सांगायचं असेल तर त्याला शिरायला तेवढीच फट असते. न बोलता नुसतं बटण दाबून सोडणं हा वाईट चाळा आहे, तो हाताला लागू देऊ नकोस.

आपल्या भागातली गलाईची (सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यातली) माणसं देशभर पसरलेली आहेत. ४०४वर कुणी आटपाडीचं किंवा विट्याचं भेटलं तर जीव सुखावेल, खुशाल गावाकडचं बोल. पण सोन्याचा भाव आणि डाळिंबाचा सौदा तिथं काढायचा नाही; हौशी रेडिओवर धंद्याचं बोलणं नियमात बसत नाही. परवाना नसलेल्या भावाच्या हातात 'बोल रे जरा' म्हणून सेटही द्यायचा नाही. नाही म्हणताना अवघडल्यासारखं वाटलं तरी म्हण. आणि त्याला परीक्षेला बसव. बाराव्या वर्षापासून बसता येतं.

नेटच्या आधी हवा, असं मी का म्हणतो ते ऐक. २००४च्या डिसेंबरात भारती प्रसाद यांची हॅम तुकडी अंदमानात पोर्ट ब्लेअरला होती. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन तुटले, आणि त्यांच्या स्टेशनवरून निरोप मुख्य भूमीवर पोहोचू लागले. ते लघुलहरींवरचं थेट काम होतं. अँटेना, बॅटरी आणि माणूस, मधे दुसरं काही नव्हतं. आपल्या सांगलीनं २००५ आणि २०१९चा महापूर पाहिला आहे. अशा वेळी वीज गेली की मोबाइलचे मनोरेही बॅटरी असेतोवरच चालतात, आणि नेट गेलं की हॉटस्पॉट नुसता दिवा लावून बसतो. तेव्हा कामाला येईल ते बाणूरगडावरून तू आणि मैत्रिणीनं तपासून ठेवलेलं चॅनेल.

म्हणून महिन्यातून एकदा राउटर बंद ठेवून दोघी थेट बोला. कुठल्या गच्चीवरून, कुठल्या माळावरून आवाज पोहोचला आणि कुठं तुटला, ते लॉगबुकात वेळेसह लिहा. लॉग तसाही ठेवायचाच असतो. एक गोष्ट मात्र आधी ठरवून ठेवा: डिजिटल आवाजाचे तुकडे पडायला लागले की दोघींनी ठरलेल्या एफएम चॅनेलवर यायचं. ते चॅनेल झोनमध्ये डीएमआरच्या अगदी शेजारी ठेवा, अंधारातही नॉबच्या एका खटक्यात लागलं पाहिजे.