हवानातला सहकारी भाजीमळा आणि आपण ऊसकरी



क्यूबा हा आपल्यासारखाच उसाचा मुलूख. 1990 च्या सुमारास तिथे वर्षाला 80 लाख टनांच्या आसपास साखर होई. त्यातली बरीचशी सोव्हिएत रशिया चढ्या भावाने घेई आणि बदल्यात तेल, खते देई. 1991 साली सोव्हिएत संघ मोडला. तेल-खताची आवक आटली, ट्रॅक्टर जागेवर उभे राहिले, बाजारात भाजीसुद्धा मिळेना. पुढे 2002 साली निम्मे साखर कारखाने बंद करावे लागले.

त्या टंचाईत राजधानी हवानातल्या लोकांनी पडीक जागा लागवडीखाली आणल्या. जमीन सरकारची, कसण्याचा हक्क लोकांचा. जिथे माती खराब, तिथे कडेला ब्लॉक वा दगड लावून साधारण 4 फूट रुंदीचे वाफे केले आणि त्यात माती व कंपोस्ट भरले. अशा मळ्याला तिथे 'ऑर्गानोपोनिको' म्हणतात.

अलामार या चाळवजा इमारतींच्या वस्तीतला मळा प्रसिद्ध आहे. 1997 साली अवघ्या 5 जणांनी तो सहकारी तत्त्वावर सुरू केला. पुढे तो 25 एकरांच्या आसपास वाढला आणि सभासद दीडशेच्या घरात गेले. त्यांत बायका होत्या, निवृत्त माणसेही होती. खत गांडुळांचे, मशागत बैलांची, किडीला अडवायला कडेने मका. सकाळी काढलेली भाजी मळ्याच्या दारातच शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकायची आणि नफा सभासदांत वाटायचा, ही रीत. वस्तीला ताजी भाजी मिळाली, हातांना काम मिळाले.

एवढ्याने सगळे भागले असे मात्र नाही. धान्य क्यूबाला आजही बाहेरून आणावे लागते.

आपण काय घ्यावे?

1) सगळा भार विकतच्या खतावर नको. पाचट पेटवू नका, सरीत कुजवा. एक टन पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट व 1 किलो कंपोस्ट जिवाणू टाकून पाणी द्यावे.

2) सगळे रान उसाखाली घालू नका. विहिरीजवळ दोन गुंठे भाजीला ठेवा. बाजाराचा खर्च वाचेल, पोरांच्या ताटात हिरवे येईल.

3) एकट्याला जमत नसेल तर चार शेजारी मिळून करा. सहकार काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

क्यूबाला हे शहाणपण अडचणीत सापडल्यावर आले. आपण अडचण येण्याआधीच कामाला लागू या. ज्यांना पाचट कुजवायचे आहे त्यांनी तोड होताच गट ऑफिसात चिटबॉयकडे नाव द्यावे.