संगमरवरी घड्याळ आणि बाराजवळचे छिद्र

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील सुखवस्तू घरांत भिंतीतील शेकोटीवरच्या फळीवर मधोमध काळ्या संगमरवराचे घड्याळ आणि दोन्ही बाजूंना त्याच घडणीची शमादाने मांडण्याची पद्धत होती. (हा काळा दगड पुष्कळदा बेल्जियममधून येई. भूशास्त्राच्या दृष्टीने तो संगमरवर नव्हेच. कार्बनामुळे काळा झालेला चुनखडक तो. लिंबाचा रस सांडला तर त्याची झिलई जाते.) शमादाने शोभेची व उजेडाची. आपण घड्याळाकडे वळू. अशा बऱ्याच घड्याळांच्या तबकडीवर बाराच्या आकड्याजवळ एक बारीक छिद्र दिसते. किल्ली देण्याची छिद्रे याहून मोठी व निराळी असतात. मग हे कशासाठी?

दर सेकंदाला एक ठोका देणारा लंबक सुमारे ९९.४ सेंमी. लांब असतो. तो या बुटक्या पेटीत मावणार नाही. समजा, आपल्या घड्याळाचा लंबक त्याच्या एक-अष्टमांश, म्हणजे १२.४ सेंमी. आहे. दोलनकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. मोठ्या लंबकाच्या पूर्ण आंदोलनाला २ सेकंद लागतात. त्याला ८ च्या वर्गमुळाने, म्हणजे २.८३ ने भागा. आपल्या लंबकाचा दोलनकाल ०.७१ सेकंद येतो.

आता गंमत पाहा. हा लंबक केवळ ०.१ मिलिमीटरने लांबला, तर घड्याळ दिवसाला सुमारे ३५ सेकंद मागे पडते! शेकोटीच्या उबेने लंबकाची पोलादी दांडी १० अंश सेल्सिअसने तापली, तरी प्रसरणामुळे दिवसाला ५ सेकंदांचा फरक पडतो. दांडी पितळेची असेल तर ८ सेकंदांचा. घड्याळ ठेवायला शेकोटीवरची जागा काही फारशी शहाणपणाची नव्हे.

पण याहून मोठी चूक दांडी मुळीच न बदलता होऊ शकते. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झाँ रिशे विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे गेला. पॅरिसमध्ये बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला अडीच मिनिटे मागे पडू लागले. विषुववृत्ताकडे गुरुत्वत्वरण कमी होते, म्हणून लंबक सावकाश झुलतो. पॅरिसला हे त्वरण ९८०.९, तर मुंबईला ९७८.६ सेंमी. प्रति सेकंद वर्ग आहे. तेव्हा पॅरिसमध्ये लावलेले आपले संगमरवरी घड्याळ मुंबईत आणले, तर रोज सुमारे १०० सेकंद मागे पडेल. ते सुधारायला लंबक जवळजवळ ०.३ मिलिमीटरने आखूड करावा लागेल.

हे काम ते छिद्र करते. पूर्वी लंबक रेशमी दोऱ्याला टांगत आणि दोरा गुंडाळून लांबी कमी-जास्त करीत; पण हवेतील दमटपणाने दोरा बदले. पॅरिसचे घड्याळजी आशिल ब्रोको (१८१७–१८७८) यांच्या रचनेत लंबक पातळ पोलादी पट्टीला टांगलेला असतो. छिद्रात बारीक किल्ली घालून फिरवली की पट्टीला धरणारा चिमटा वरखाली सरकतो व पट्टीचा मोकळा भाग लांब किंवा आखूड होतो. घड्याळ उघडावे लागत नाही, लंबकाला हात लावावा लागत नाही.

घरी एक जड नट दोऱ्याला बांधा. टांगलेल्या बिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंत १२.४ सेंमी. अंतर ठेवा आणि थोडासाच झोका द्या. मिनिटाला सुमारे ८५ पूर्ण आंदोलने मोजता येतील. मग अंतर दुप्पट करा. आंदोलने निम्मी होतात का, ते मोजण्यापूर्वी वहीत अंदाज लिहून ठेवा.