सेवेला निघताय? आधी यजमानांना विचारा

शस्त्रक्रिया शिबिरासाठी नैरोबीला उतरल्यावर आमची सामानाची खोकी कस्टम्सने अडवून ठेवली. केनियात औषधं न्यायची तर तिथल्या फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाची परवानगी आधी काढावी लागते. आम्हाला नेणाऱ्या संस्थेने ती काढलीच नव्हती. अधिकाऱ्यांचं म्हणणं योग्य होतं. आपल्या देशात कुठलं औषध येतंय, हे त्यांनी बघायलाच हवं. पण जिथे शिबिर होतं त्या लहान रुग्णालयात हर्नियाचे रुग्ण लांबून येऊन थांबले होते. त्यांना परत कसं पाठवणार? शेवटी तिथल्या सिस्टर्सनी आपल्या कपाटातले टाक्यांचे धागे, ग्लोव्हज, गॉज आम्हाला काढून दिले. त्यांच्या बाळंतिणींसाठी ठेवलेला साठा आमच्या शिबिरात संपत चालला होता. ज्यांना मदत करायला गेलो, त्यांच्याच तोंडचा घास आम्ही घेत होतो.

मी ओ.टी. सिस्टर आहे, बाळकुमला राहते. यजमानाची बाजू मी त्याआधी घरच्या अंगणात पाहिली होती. 2020 मध्ये ठाणे महापालिकेने बाळकुमच्या ग्लोबल हबमध्ये सुमारे हजार खाटांचं कोविड रुग्णालय उभं केलं. मी तिथे ड्युटी केली. बाहेरून मदतीला येणाऱ्या प्रत्येकाबद्दल आम्हाला दोनच गोष्टी कळायला हव्या असत : याला काय येतं, आणि हा किती दिवस राहणार? पीपीई किट घालता-उतरवता येणारा, रात्रपाळी घेणारा माणूस आला की वॉर्डला जोर यायचा. प्रत्येक गोष्ट शिकवावी लागणारा माणूस आला की, त्याचं मन कितीही मोठं असलं तरी, एक सिस्टर त्याच्यातच अडकायची. परदेशात जाणाऱ्याने स्वतःला त्या सिस्टरच्या जागी उभं करून बघावं. पुढच्या साऱ्या सूचना त्यातूनच आल्या आहेत.

बोलावणं आधी, तिकीट नंतर

1938 मध्ये भारतातून चीनला वैद्यकीय पथक गेलं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर त्यात होते. ते पथक निघालं, कारण चीनचे सेनापती चू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली होती. गरज त्यांनी सांगितली, मग इथून माणसं निघाली. हा क्रम आजही तोच हवा. संस्थेवर भिस्त न ठेवता त्या रुग्णालयाचं लेखी बोलावणं स्वतः वाचा. कोणत्या शस्त्रक्रिया हव्यात, भूल देणारं कोण आहे, ऑटोक्लेव्ह चालतो का, रक्त मिळतं का, हे थेट तिथल्या मेट्रनला विचारा. उत्तर मिळालं नाही, तर जाऊ नका.

परवाना आणि व्हिसा

इथली नोंदणी तिथे चालत नाही. डॉक्टरांना तिथल्या मेडिकल कौन्सिलचा आणि नर्सना नर्सिंग कौन्सिलचा तात्पुरता परवाना लागतो. त्यासाठी आपल्या कौन्सिलकडून गुड स्टँडिंग सर्टिफिकेट काढावं लागतं, त्याला वेळ धरा. टुरिस्ट व्हिसावर रुग्णाला हात लावू नका. पगार घेत नसलात तरी बहुतेक देशांत ते कामच धरलं जातं.

सामान

दान द्यायच्या औषधांची मुदत पोहोचल्यानंतर किमान एक वर्ष उरलेली असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. घरोघरी उरलेल्या गोळ्या आणि डॉक्टरांना मिळालेली सॅम्पल्स गोळा करून नेऊ नका. प्रत्येक खोक्यात काय आहे याची यादी औषधांच्या जेनेरिक नावांनी, बॅच नंबर आणि मुदतीसह करा. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकावर काही देशांत कडक बंदी आहे, आपल्या स्वतःच्या गोळ्यांसाठीही चिठ्ठी जवळ ठेवा. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांना बंदी आहे, तेव्हा पॅकिंग कापडी पिशव्यांत करा. तिथले सॉकेट चौकोनी तीन पिनांचे असतात. आपल्या कॉटरीचा प्लग त्यात बसत नाही.

स्वतःची प्रकृती

यलो फीव्हरची लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि तिचं कार्ड दहा दिवसांनंतर ग्राह्य धरतात. ते नसेल तर केनियातून परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये राहावं लागू शकतं. हिपॅटायटिस बी चे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, म्हणून तयारी तेवढी आधी सुरू करा. सुई टोचली तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्य तितक्या लवकर, फार तर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायची असतात. ती त्या रुग्णालयात आहेत का, हे पहिल्याच दिवशी बघा. कोटणीसांच्या आधी चीनमध्ये पोचलेले कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून 1939 मध्ये वारले, ते शस्त्रक्रिया करताना बोट कापून झालेल्या जंतुसंसर्गाने. आजारी पडलेला पाहुणा म्हणजे त्या वॉर्डात आणखी एक खाट भरली.

पोहोचल्यावर

पहिल्या दिवशी शस्त्रक्रिया लावू नका. तिथल्या सिस्टरबरोबर राउंड घ्या, निर्जंतुक साहित्याचे ड्रम कुठे ठेवतात ते बघा, तिचं ऐका. स्वाहिली बोलणारे लोक तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. 'आठ वाजता गोळी' म्हटलं तर रुग्ण ती दुपारी दोनला घेईल. म्हणून 'नाश्त्यानंतर', 'झोपताना' असं सांगावं आणि केसपेपरवर 24 तासांची वेळ लिहावी. कोटणीस चिनी शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. आपण थोडे दिवस राहणार असलो तरी 'दुखतंय का', 'श्वास घ्या', 'घाबरू नका' एवढं तरी पाठ करूनच जावं.

निघताना

टाके कोण काढणार, जखम चिघळली तर कोण बघणार, हे ठरल्याशिवाय सुरी उचलू नका. शेवटचे दोन-तीन दिवस मोठी शस्त्रक्रिया घेऊ नका. प्रत्येक रुग्णाची नोंद तिथल्या सिस्टरला वाचता येईल अशी लिहून द्या. वापरलेल्या साठ्याचा हिशेब करून, कपाट आलो तेव्हा होतं त्याहून भरलेलं ठेवून निघा.

या सगळ्याला उत्साह लागतोच, आणि तरुण डॉक्टर-नर्सेसमध्ये तो पाहून मला मनापासून आनंद होतो. जरूर जा. फक्त तिकीट काढण्याआधी तिथल्या मेट्रनला एक फोन करा आणि विचारा : आम्ही आलो तर तुमचं काम वाढेल की कमी होईल? ती जे सांगेल ते माना.