मुंबई ते लंडन

आता खेड्यांतली मुलेही परदेशी जातात. कोणी शिकायला जातो, कोणी नोकरीला. जाण्याआधी विमानाचे तिकीट हाती येते. ते आपल्याला नीट वाचता आले पाहिजे.

लंडन किती लांब आहे? मुंबईहून सरळ मोजले तर सुमारे ७,२०० किलोमीटर. माणूस तासाला चार किलोमीटर चालतो. रोज आठ तास चालला, तर एवढ्या अंतराला २२५ दिवस लागतील. म्हणजे साडेसात महिने झाले की!

विमान उंचावर तासाला सुमारे ९०० किलोमीटर जाते. ७,२०० ला ९०० ने भागा. आठ आले. पण थेट जाणाऱ्या विमानालाही नऊ-दहा तास लागतात. असे का? चढता-उतरताना विमानाचा वेग कमी असतो. त्याची वाटही अगदी सरळ नसते. शिवाय फार उंचावर बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. लंडनला जाताना तो समोरून येतो. परतताना तोच वारा मागून रेटा देतो. म्हणून परतीला वेळ कमी लागतो.

पूर्वी हा प्रवास एका दमात होत नसे. ८ जून १९४८ रोजी आपल्या देशाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. वाटेत ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबले होते.

आता तिकीट पाहू. समजा, हिवाळा आहे. मुंबईहून सुटण्याची वेळ दुपारी १ अशी छापली आहे. लंडनला पोचण्याची वेळ संध्याकाळी साडेपाच. मग प्रवास साडेचार तासांचाच का? नाही, दहा तासांचा!

सूर्य आधी आपल्याकडे येतो, मग तिकडे जातो. म्हणून लंडनचे घड्याळ आपल्या मागे असते. हिवाळ्यात साडेपाच तास मागे. उन्हाळ्यात तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात. तेव्हा फरक साडेचार तासांचा राहतो. तिकिटावर ज्या गावाची वेळ, ती त्या गावच्या घड्याळाची. म्हणून दोन वेळांची नुसती वजाबाकी करू नका. घड्याळांतला फरकही धरा.

तारखेकडेही नीट लक्ष द्या. रात्री बारा वाजले की तारीख बदलते. विमान १० तारखेला पहाटे २ वाजता सुटणार असेल, तर ९ तारखेच्या रात्रीच विमानतळावर गेले पाहिजे. तीन तास आधी, म्हणजे रात्री ११ ला. १० तारखेच्या रात्री गेलात, तर विमान त्या दिवशी पहाटेच गेलेले असेल. पैसेही गेले आणि प्रवासही राहिला!

सोडवून पाहा : हिवाळ्यात लंडनहून रात्री ९ वाजता विमान सुटले. प्रवास नऊ तासांचा. मुंबईच्या घड्याळात किती वाजता पोचेल?

उत्तर : दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरा.