१४२८५७ : बाकीचा पाठ

भागाकाराचे उदाहरण सोडविताना मुलांचे सारे लक्ष उत्तराच्या अंकांकडे असते. बाकी म्हणजे उरलासुरला केर, अशीच त्यांची समजूत असते. ती घालविण्यास एक लक्ष बेचाळीस हजार आठशे सत्तावन या संख्येसारखे साधन क्वचितच सापडेल.

प्रथम ही संख्या फळ्यावर मांडून वर्गाचे गट पाडावेत व २ पासून ६ पर्यंतच्या अंकांनी तिला गुणावयास सांगावे. २८५७१४, ४२८५७१, ५७१४२८, ७१४२८५ व ८५७१४२ असे गुणाकार येतील. अंक तेच, क्रमही तोच. केवळ आरंभाची जागा बदलते. रहाटाच्या माळेत गाडगी ठरल्या क्रमानेच वर येतात, मोजणी मात्र कोणत्याही गाडग्यापासून सुरू करता येते, तसेच हे. नंतर ७ ने गुणवावे; उत्तर ९९९९९९ येईल.

येथेच थांबल्यास गणिताचा तास जादूच्या खेळात संपतो. मुले टाळ्या वाजवितात व कारण विचारावयाचे विसरतात.

कारण बाकीत आहे. १ ला ७ ने भागावे व प्रत्येक बाकीवर शून्य देत जावे. १० मध्ये ७ एकदा, बाकी ३. ३० मध्ये चारदा, बाकी २. पुढे ६, ४, ५ आणि अखेर १. भागाकारात उमटणारे अंक १, ४, २, ८, ५, ७. दहाच्या कोणत्याही घाताला ७ ने निःशेष भाग जात नाही. म्हणून बाकी शून्य कधीच उरत नाही, १ ते ६ यांपैकीच एक उरते. येथे त्या सहाही येऊन जातात आणि पुन्हा १ आली की माळ नव्याने फिरू लागते. आता ३ ला ७ ने भागावयाचे म्हणजे बाकी ३ पासूनच आरंभ करावयाचा, म्हणून ४२८५७१. तिपटीचे गुपित एवढेच. ७ ने गुणल्यावर सगळे नऊ का येतात, हे मुले विचारतील. पण अनंत नवांचा विषय त्या वयात लांबवू नये.

हुशार मुलांसाठी आणखी एक गुण सांगण्याजोगा आहे. या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे उजवीकडील सहा अंक तोडून दोन भागांची बेरीज केली, २०४०८ + १२२४४९, की मूळ संख्या परत मिळते. अशा संख्यांना ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. नाशिकजवळच्या देवळाली येथे शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्यावरून हे नाव पडले. वर्गात ४५ पासून आरंभ करावा : वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५.

घरच्या अभ्यासास १३ हा भाजक द्यावा. १ ला भागल्यास ०७६९२३ ही माळ मिळते, २ ला भागल्यास १५३८४६ ही निराळीच. बारा बाक्या सहा-सहांच्या दोन माळांत कशा वाटल्या जातात, ते मुलांनी दुसऱ्या दिवशी पाटीवर लिहून आणावे.